स्क्रीनवर निळा मोर, कागदावर जांभळा मोर - रंग मध्येच कुठे पळतो?

गुळपोळी
नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय कारण डोकं फिरलंय. माझी आई गेली दहा-बारा वर्षं चित्रं काढते, पोस्टर कलर आणि वॉटर कलर, विषय बहुतेक पैठणी. पैठणी नेसलेल्या बायका, पदरावरचे मोर, नारळीची किनार, असलं सगळं. यंदा तिची सत्तरी म्हणून आम्ही भावंडांनी ठरवलं की तिच्या बारा चित्रांचं टेबल कॅलेंडर करायचं, २०० नग, दिवाळीत नातेवाइकांना वाटायला. चित्रांचे फोटो मी काढले, डिझाइन मीच केलं, पीडीएफ प्रेसला दिली आणि निवांत बसले.

काल गठ्ठा आला. मोराचा गळा जांभळा! वांग्याच्या भरीताचं वांगं असतं ना तसा. राणी कलरची किनार अशी दिसतेय की जणू साडी दहा वर्षं गच्चीवर वाळत घातलीये. आणि एकूणच सगळी पानं काळपट, कुणीतरी ट्यूबलाइट घालवल्यासारखी. प्रेसवाले म्हणतात, "मॅडम स्क्रीन आणि छपाईत फरक येणारच." येणारच म्हणजे किती येणार? मोर वांगं होईपर्यंत?

आईला अजून दाखवलेलं नाही. चूक माझी का त्यांची, आणि पुन्हा छापायचं तर मी काय वेगळं करू? रंग खरे पण हवेत आणि छान उठावदार पण हवेत.

चहाबाज
पहिला! उत्तर माहीत नाही, जागा धरून ठेवतोय.

शाईवाला
ताई, बावीस वर्षं प्रेस चालवतोय कोल्हापुरात त्यामुळे प्रेसवाल्याची बाजू घेणार हे आधीच सांगतो :)

स्क्रीन म्हणजे दिवा आहे. लाल हिरवा निळा असे तीन दिवे एकत्र लागतात आणि तुम्हाला रंग दिसतो. कागदाला दिवा नसतो. त्याच्यावर पडलेल्या उजेडातला काही भाग शाई खाते आणि उरलेला तुमच्या डोळ्यात येतो. त्यामुळे स्क्रीनवरचे काही रंग छपाईच्या शाईत होतच नाहीत, मशीन कितीही भारी असू दे. अगदी झगझगीत पोपटी, लखलखीत निळा, डोळ्यात घुसणारा राणी, हे तिघे नेहमीचे गुन्हेगार.

आता मोराचं. आमच्याकडे डबे चार, सायन, मॅजेंटा, पिवळा, काळा. त्यात निळा डबाच नाही हो! सायन आहे तो आकाशीकडे जाणारा. गडद निळा पाहिजे तर सायनवर मॅजेंटा चढवायचा, आणि मॅजेंटा जरा जास्त चढला की जांभळं झालंच समजा. फोटोशॉपमध्ये शुद्ध निळा घ्या, आरजीबी (म्हणजे लाल-हिरवा-निळा) ०, ०, २५५, आणि अमेरिकन स्वॉप प्रोफाइलला (प्रोफाइल म्हणजे कुठल्या शाई-कागदावर रंग कसा येतो त्याचा तक्ता) कन्व्हर्ट करा, सायन ८८ मॅजेंटा ७७ येतं. एवढ्या जवळजवळ आकड्यांना जांभळटच दिसणार. आम्ही काय करतो, निळ्यात मॅजेंटा सायनपेक्षा निदान ३० टक्के खाली ठेवतो. १०० ला ७० किंवा ६०. मोर मोरासारखा येतो.

प्रश्न: १) फाइल आरजीबी होती का सीएमवायके (म्हणजे वरच्या चार शायांची)? २) २०० नग म्हणजे डिजिटल मशीनवरच मारलं असणार, बरोबर? ३) लॅमिनेशन कुठलं? ४) प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा नमुना, पाहिलं होतं का?

गुळपोळी
@शाईवाला, बापरे, एवढं कुणी सांगितलंच नव्हतं. १) आरजीबीच असावी, मी काही बदललं नाही. २) हो, डिजिटल म्हणाले. ३) मॅट, कारण फोटो अल्बमला असतं तसं मऊ मऊ छान लागतं हाताला. ४) प्रूफ पाठवलं होतं त्यांनी. व्हॉट्सअ‍ॅपवर.

शाईवाला
व्हॉट्सअ‍ॅपवर रंगाचं प्रूफ बघणं म्हणजे फोनवरून फोडणीचा वास घेणं. ते प्रूफ स्पेलिंग बघायला. रंगासाठी नाही.

चहाबाज
हे वाक्य फ्रेम करून (गडद निळ्यात) प्रेसमध्ये लावा.

खडूस_आजोबा
आजकाल सगळ्यांना सगळं बटणावर पाहिजे. मी गिरगावात एका प्रेसच्या प्रोसेस डिपार्टमेंटला होतो, १९७१ ते १९९८. आमच्या वेळी एका रंगीत चित्राचे चार फोटो काढायचे, मोठ्या कॅमेऱ्यावर, एवढा मोठा की माणूस आत उभा राहील. लाल फिल्टर लावून काढलेली निगेटिव्ह सायनची, हिरव्या फिल्टरची मॅजेंटाची, निळ्याची पिवळ्यासाठी, काळ्याची वेगळी. मग प्रत्येकाला ठिपके पाडणारी जाळीची स्क्रीन वेगवेगळ्या कोनात फिरवायची, सायन १५, मॅजेंटा ७५, काळा ४५, पिवळा शून्यावर. कोन चुकला की चित्रावर मच्छरदाणीसारखी नक्षी उमटलीच. एखाद्या बाईच्या गालावर मॅजेंटा जास्त वाटला तर फिल्मवर ब्रशनं रसायन लावून तेवढ्या भागातले ठिपके बारीक करायचे. हाताने! भिंग डोळ्याला लावून! एक चेहरा सुधारायला अख्खी दुपार.

आणि प्रूफ म्हणजे प्रोग्रेसिव्ह. आधी नुसता पिवळा छापलेला कागद, मग पिवळा अधिक मॅजेंटा, मग सायन, मग काळा. कुठल्या रंगाने घोळ घातलाय ते आंधळ्यालाही कळेल. आता कुणी मागत नाही, कुणी देत नाही.

मोर जांभळा व्हायची तक्रार तेव्हाही होती. शाया बदलल्या नाहीत, माणसं बदलली.

रंगपेटी
आजोबा, तुमचा वेगळा धागा काढा हो, प्लीज. वाचनखूण साठवली.

त्याच्याही मागे जायचं तर राजा रविवर्म्याचा छापखाना. १८९४ ला मुंबईत सुरू झाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथे प्रत्येक रंगाला वेगळा दगड. आपल्या आजीच्या देवघरातली लक्ष्मी-सरस्वती अशा दगडांवरून एकावर एक रंग चढवून आलेली. चार डब्यांची सक्ती नव्हती, गुलाबी पाहिजे तर गुलाबी शाईच घोटायची. म्हणून त्या साड्यांचे रंग शंभर वर्षांनी पण बघत राहावेसे वाटतात.

ट्रेसिंगपेपर
थोडा असहमत सूर लावतो. मी पॅकेजिंग डिझायनर आहे, रोज हेच करतो.

शाईवाला काका म्हणतात ते निळ्याचं गणित शंभर टक्के खरं, पण "आरजीबी दिली म्हणून बिघडलं" असं सरसकट म्हणता येत नाही. फाइलला प्रोफाइल चिकटवलेलं असेल, म्हणजे आरजीबीचा कुठला प्रकार, एसआरजीबी का अडोबी आरजीबी, ते फाइलमध्ये लिहिलेलं असेल, आणि प्रेसचं सॉफ्टवेअर नीट लावलेलं असेल तर तेच सॉफ्टवेअर कन्व्हर्जन चांगलं करतं. उलट लोक घरी डोळे झाकून सीएमवायके करतात, भलत्याच प्रोफाइलला, आणि मग प्रेसवर परत एकदा कन्व्हर्जन होतं. दोनदा उकळलेल्या चहासारखं. सीएमवायके करायचंच तर आधी प्रेसला विचारा की तुमचं प्रोफाइल कुठलं. आपल्याकडे आर्ट पेपरला (गुळगुळीत लेपाच्या कागदाला) बरेच जण फोग्रा ३९ या युरोपियन प्रोफाइलवर काम करतात. "प्रोफाइल म्हणजे काय?" असं उत्तर आलं तर दुसरा प्रेस बघा.

काळपटपणाचं कारण मात्र तुमच्या घरात आहे. लॅपटॉपचा ब्राइटनेस किती असतो? बहुतेकांचा फुल. छपाईसाठी रंग बघायचे तर स्क्रीन साधारण ८० ते १२० कॅन्डेला (उजेडाचं माप) प्रति चौरस मीटरवर ठेवतात, आणि फुल ब्राइटनेसला बरेच लॅपटॉप त्याच्या दुप्पट-तिप्पट उजेड फेकतात. फाइल मुळात अंधारी होती, लॅपटॉपने ती उजळ करून दाखवली एवढंच. सोपी परीक्षा: पांढरा कोरा कागद खिडकीजवळ स्क्रीनशेजारी धरा, स्क्रीनवर कोरं पांढरं पान उघडा. स्क्रीन दिव्यासारखी वाटली तर ब्राइटनेस खाली, खाली, अजून खाली, कागद आणि स्क्रीन सारखे वाटेपर्यंत. आणि नाइट लाइट का काय ते पिवळं करणारं बंद करा.

फोटोशॉप असेल तर व्ह्यूमध्ये प्रूफ सेटअपला प्रेसचं प्रोफाइल लावा आणि कंट्रोल वाय दाबा. स्क्रीनवरच रंग बसलेले, म्हणजे फिके पडलेले, दिसतील. शिफ्ट धरून कंट्रोल वाय दाबलं तर जे रंग छापताच येणार नाहीत तिथे राखाडी डाग येतात. तो मोर बघा लावून, अख्खा गळा राखाडी होईल, पैज. फोटोशॉप नसेल तर क्रिटा फुकट आहे, त्यात पण सीएमवायके चालतं.

शाईवाला
@ट्रेसिंगपेपर, साहेब तुमचं पुस्तकातलं बरोबर. पण तालुक्याच्या गावात दिवसाला चाळीस जॉब येतात, निम्मे कोरलमध्ये, फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून उचललेले, फॉन्ट कर्व्ह (अक्षरांचे आकार) न केलेले, त्यात कुणाचं प्रोफाइल आणि कुणाचं काय. आम्ही गिऱ्हाइकाला सांगतो की सीएमवायके करून द्या, कारण निदान बसलेले रंग तो स्वतःच्या डोळ्यांनी एकदा बघतो. मग आमच्या नावानं शिमगा होत नाही.

ट्रेसिंगपेपर
हे मान्य. बघून देणं महत्त्वाचं, कन्व्हर्जन कुणी का करेना.

सुरंगी
माझ्याकडे एपसनचा शाईच्या टाक्यांवाला सहा रंगी प्रिंटर आहे, घरीच फोटो छापते. वर्षभर सगळे फोटो गुलाबी यायचे, नवऱ्याला वाटायचं मीच गोरी दिसायला फिल्टर लावते. शेवटी कळलं की फोटोशॉप पण रंग सांभाळत होतं आणि प्रिंटरचा ड्रायव्हर (कॉम्प्युटरमधलं प्रिंटरचं सॉफ्टवेअर) पण. दोघांपैकी एकालाच सांभाळू द्यायचं. फोटोशॉपला प्रोफाइल दिलं तर ड्रायव्हरमधलं कलर अ‍ॅडजस्टमेंट बंद करायचं. दोन सुनांनी एका आमटीत मीठ घातल्यासारखं झालं होतं.

दुसरं, ड्रायव्हरमध्ये कागद बरोबर निवडा. ग्लॉसी फोटो पेपर घालून सेटिंग साध्या कागदाचं ठेवलं तर शाईच कमी सोडतो, फोटो फिक्कट. मी सहा महिने ही चूक केली आणि शिव्या शाईला घातल्या.

चहाबाज
आमच्या मंडळाचा किस्सा. तीन वर्षांपूर्वी गणपतीचा फ्लेक्स, वीस बाय दहा, भगवा बॅकग्राउंड. डिझाइन आमच्यातल्याच एका उत्साही पोराने मोबाइलवर केलं. फ्लेक्स चढवला तर भगवा नाही, विटकरी. चौकात लोक विचारायला लागले मंडळाने वीटभट्टी काढली का. अध्यक्ष फ्लेक्सवाल्यावर धावून गेले. त्याने शांतपणे सांगितलं, तुमच्या भगव्यात सायन वीस टक्के आणि काळा दहा टक्के आहे, मी काय करू. भगव्यात सायन-काळ्याचं काय काम? आता फ्लेक्सवाल्याच्या भिंतीवर खडूने लिहिलंय: भगवा = मॅ ६०, पि १००, बाकी शून्य. तालुक्यातले सगळे पक्ष तोच आकडा वापरतात, त्या बाबतीत एकी आहे.

शाईवाला
हाहाहा. पण त्या पोराच्या फसण्यातच मेख आहे बघा. शुद्ध रंगात समोरच्या (रंगचक्रातल्या उलट बाजूच्या) रंगाची शाई थोडी जरी मिसळली की रंग मळतो. पोपटीत मॅजेंटा, भगव्यात सायन, राणीत पिवळा जास्त. उठाव पाहिजे तर दोनच शाया, तिसरी आली की मळ आला. आपोआप कन्व्हर्जनमध्ये तिसरी शाई हळूच पाच-दहा टक्के घुसते, ती हाताने काढायची.

मुळामुठा
थोडं अवांतर, ऑफसेटला (प्लेटवाल्या मोठ्या मशीनवर) गँग प्रिंटिंग असतं त्यानेही रंग जातात ना? माझी व्हिजिटिंग कार्डं दर वेळी वेगळ्या निळ्याची येतात. आता माझ्याकडे तीन निळ्यांची कार्डं आहेत, माणूस बघून देतो.

शाईवाला
@मुळामुठा, हो. स्वस्तात पाहिजे म्हणून वीस लोकांचे जॉब एका शीटवर लावतात. शाई सोडायच्या चाव्या मशीनच्या रुंदीत असतात, म्हणजे एका रांगेत वरपासून खालपर्यंत जेवढे जॉब तेवढ्यांना तीच शाई. तुमच्या निळ्या कार्डाच्या रांगेत कुणाचं लालभडक मिठाईचं लेबल असलं आणि मशीनमननं त्याच्यासाठी मॅजेंटा वाढवला तर तुमचं कार्ड जांभळं. तुमचा शेजारी कोण यावर तुमचा रंग. दर वेळी एकच निळा पाहिजे असेल तर पँटोनचा (ठरलेल्या रंगांच्या कॅटलॉगमधला) नंबर देऊन वेगळ्या शाईत मारून घ्या, खर्च वाढेल.

मुळामुठा
म्हणजे रेल्वेच्या डब्यासारखं. शेजारी कोण येतो ते नशीब.

स्टुटगार्टकर
इथे जर्मनीत मी मंडळाची दिवाळी पत्रिका ऑनलाइन छापून घेतो. फाइल अपलोड केल्यावर सिस्टिमच नाक मुरडते, शाईची एकूण टक्केवारी जास्त आहे, फोटो ३०० डीपीआयपेक्षा (इंचाला ३०० ठिपके) कमी आहे, असं. पहिल्या वर्षी काळी पार्श्वभूमी मी चारही शाया १०० करून दिली होती, "काळ्यात काळा" हवा म्हणून. एकूण ४००. फाइल परत आली. आर्ट पेपर साधारण ३०० ते ३२० पर्यंत शाई पेलतो, त्याच्यावर गेलं की वाळत नाही, मागच्या पानाला लागते. आता सायन ६०, मॅजेंटा ४०, पिवळा ४०, काळा १०० देतो, छान खोल काळा येतो. अक्षरं मात्र नुसत्या काळ्यात, नाहीतर रजिस्ट्रेशन (शायांची एकावर एक जुळणी) केसभर हललं तरी अक्षरांना रंगीत झालर.

रंगपेटी
मला वेगळीच शंका येतेय. @गुळपोळी, चित्रांचे फोटो कसे काढलेत? कुठल्या उजेडात? आणि आईंनी राणी कलर कुठला वापरलाय?

गुळपोळी
@रंगपेटी, रात्री, स्वयंपाकघरात, डायनिंग टेबलवर ठेवून. दिवसा ऑफिस असतं ना. फोन नवीन आहे, रंग मस्त आलेले स्क्रीनवर. भावाने दोन चित्रांचे फोटो त्याच्या घरून पाठवले, व्हॉट्सअ‍ॅपवरच. राणीचं आईला विचारते. ती म्हणेल कशाला हवंय, मग काय सांगू?

रंगपेटी
इथेच गाडी घसरली. स्वयंपाकघरातला एलईडी, बाजूला बहुतेक पिवळसर बल्ब, वरून फोनची सावली. फोन अशा उजेडात स्वतःच अंदाज बांधतो, आणि वर रंग भडक करतो कारण गिऱ्हाइकाला तेच आवडतं. मूळ चित्रात नसलेला भडकपणा तिथेच आला. दुपारी ढगाळ वातावरणात किंवा उन्हाच्या सावलीत, खिडकीशी, चित्र भिंतीला टेकवून, फोन बरोबर समोर, आणि चित्राच्या कडेला एक पांढऱ्या-राखाडी कागदाचा तुकडा ठेवून फोटो काढा. नंतर त्या राखाडीवर फोटो एडिटरमधला ड्रॉपर टेकवला की पिवळी-निळी छटा निघून जाते. त्याहून सोपं म्हणजे चांगल्या स्कॅनरवर स्कॅन. वॉटर कलरला स्कॅनर मस्त, जाड पोस्टर कलरला कधी चमक येते.

फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून. फोटो म्हणून पाठवला की तो दाबून बारीक करतो.

राणीचं मला आत्ताच सांगता येईल. बाटलीवर फ्लोरोसंट लिहिलेलं असेल तर विषय संपला. फ्लोरोसंट रंग अतिनील उजेड घेऊन तो दिसणाऱ्या रंगात बाहेर फेकतो, म्हणजे त्या रंगाचा जेवढा उजेड पडला त्यापेक्षा जास्तच परत देतो. चार शायांना ते जमणार नाही. लग्नपत्रिकेवर जो पेटलेला गुलाबी दिसतो तो स्क्रीन प्रिंटिंगमध्ये वेगळ्या फ्लोरोसंट शाईने मारलेला असतो. तो पण उन्हात ठेवला की दोन-तीन महिन्यांत उतरतो.

फोटोलॅबवाला
एक सुचवतो. आईंसाठी एकच मोठी प्रत पाहिजे असेल तर फोटो लॅबमध्ये काढा. तिथे शाई नसतेच, फोटोच्या कागदावर लाल-हिरव्या-निळ्या लेझरने एक्स्पोजर देऊन डेव्हलप करतात. तिथे चुकूनही सीएमवायके देऊ नका, एसआरजीबी जेपीजी द्या. आमच्याकडे दर आठवड्याला कुणीतरी हुशार माणूस सीएमवायके फाइल घेऊन येतो आणि सगळं कुटुंब कावीळ झाल्यासारखं निघतं.

बाराखडी
कप आणि टी-शर्ट छापणाऱ्यांनी घाबरू नये म्हणून सांगते. सब्लिमेशनचा (उष्णतेने शाई कप-कपड्यावर उतरवायचा) कागद प्रिंटरमधून निघतो तेव्हा रंग मेल्यासारखे दिसतात. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नवीन शाईची अख्खी बाटली ओतून द्यायला निघाले होते. साधारण २०० डिग्रीवर प्रेस केलं की तेच रंग एकदम जागे होतात. कपड्याला मात्र पॉलिएस्टर पाहिजे, कॉटनवर दोन धुण्यांत सगळं जातं.

खडूस_आजोबा
या सगळ्यात एकाने पण विचारलं नाही की बाईंनी छापलेलं पान कुठल्या उजेडात बघितलं. साडीच्या दुकानात बायका साडी घेऊन दाराबाहेर उजेडात का येतात? दुकानातल्या दिव्यात चिंतामणी दिसणारी साडी बाहेर हिरवी निघते म्हणून. छपाईचं तेच. आमच्या खात्यात ५००० केल्विनच्या (दिवसाच्या उजेडासारख्या) दिव्याखाली टेबल होतं, तिथेच मूळ आणि प्रूफ शेजारी ठेवून सही व्हायची. मूळ चित्र कुठाय? फोनवरच्या फोटोशी तुलना करून भांडताय सगळे. मूळ चित्र आणि छापील पान शेजारी ठेवा दिवसा, मग बोला.

चहाबाज
आजोबा खडूस आहेत पण पॉइंट आहे.

गुळपोळी
हो की हो. खरंच मी मूळ चित्रांशी ताडून बघितलंच नाही, सगळी तुलना लॅपटॉपशी. शनिवारी आईकडे जातेय, गठ्ठा घेऊनच जाते. लपवून तरी किती दिवस ठेवणार.

मुळामुठा
अपडेट द्या हं. इथे लोक प्रश्न विचारून गायब होतात.

गुळपोळी
अपडेट! लांब आहे, चहा घेऊन बसा.

शनिवारी सकाळी दहाला आईच्या बाल्कनीत बाराही चित्रं मांडली, ऊन थेट नाही पण उजेड भरपूर, आणि प्रत्येकाच्या खाली कॅलेंडरचं पान. आई एकेक पान हातात घेऊन, चष्मा कपाळावर चढवून, अगदी नाकाजवळ नेऊन बघत होती. मी श्वास रोखून. आणि म्हणते काय, "चांगलं आलंय की गं. तुझ्या फोनमध्ये माझी चित्रं मेली सर्कशीसारखी दिसतात, हे निदान माझ्यासारखं दिसतंय."

मी परत बघितलं. खरंच बारापैकी आठ पानं मूळ चित्राला बऱ्यापैकी जवळ होती! तिचा शेवाळी, तिचा आमसुली, ती डाळिंबी खणाची चोळी, सगळं तसंच मऊ होतं कागदावर. भडक होता तो माझा फोन. दोन पानं थोडी काळपट, ती भावाच्या व्हॉट्सअ‍ॅपवाली, जवळून बघितलं तर कडा पण फुटल्यात. मोर मात्र जांभळाच, त्यावर आई पण म्हणाली "हा कोणाचा?" तिने अल्ट्रामरीन वापरलाय. आणि राणी किनारीचं पान मेलेलंच. बाटली बघितली, रंगपेटीताई, फ्लोरोसंट! मी विचारलं हा कशाला घेतलास, तर म्हणे नेहमीचा राणी संपला होता, तुझ्या मुलीच्या प्रोजेक्टमधला उरलेला पडला होता तो वापरला. माझ्याच लेकीने किल्ल्याच्या झेंड्याला वापरलेला रंग माझ्या दिवाळीवर उलटला.

मग चार पानंच पुन्हा करायची ठरवली. रविवारी दुपारी फोटो परत काढले, सावलीत, कडेला राखाडी कार्ड ठेवून. लॅपटॉपचा ब्राइटनेस कागद धरून कमी केला, जवळजवळ तिसऱ्या हिश्शावर आला, मला वाटलं लॅपटॉप बिघडला. मोराचा निळा हाताने खाली आणला, सायन १०० आणि मॅजेंटा ६५. प्रेसमध्ये स्वतः जाऊन बसले आणि म्हटलं एक प्रत आधी काढा, त्याच कार्डवर, लॅमिनेशन करून. त्यांनी मुकाट काढून दिली, काही जास्तीचे पैसे पण घेतले नाहीत. हे आधी मी मागितलंच नव्हतं, ही माझी चूक. मशीनवाल्या मुलानेच सांगितलं की मॅटऐवजी ग्लॉस करून बघा, आणि दोन्ही शेजारी ठेवले तर फरक डोळ्याला दिसतो, मॅट रंगावर हलकी पिठी भुरभुरल्यासारखं करतं. पण बाकीची आठ पानं मॅट आहेत म्हणून चारही मॅटच ठेवली.

मोर निळा आला. फोनइतका नाही, पण मोर आहे. राणी किनार... बरी आहे. मॅजेंटा शंभर, पिवळा काढून टाकला पूर्ण. मूळ चित्रासारखी पेटत नाही. आईने दोन्ही बघून सांगितलं की मूळचीच डोळ्यात जाते, हीच बरी.

शाईवाला
वा! १००/६५ झकास. स्पायरलला पानं काढून बदलताना भोकं जुळतात का ते बघून घ्या, आमच्याकडे एकदा ऑक्टोबर आधी आणि सप्टेंबर नंतर गेला होता २०० कॅलेंडरांत.

ट्रेसिंगपेपर
मस्त. त्या मशीनवाल्या पोराचा नंबर जपून ठेवा, प्रोफाइलपेक्षा कामाचा आहे.

गुळपोळी
@शाईवाला, भोकं मोजली, तेवढीच आहेत. आणि ऑगस्ट जुलैच्या नंतरच आहे, तपासलं.

खडूस_आजोबा
निळा कुठल्या उजेडात बघून पास केलात? प्रेसमधल्या ट्यूबखाली का?

गुळपोळी
@खडूस_आजोबा, दाराबाहेर नेऊन, आजोबा. साडीसारखा. रस्त्यावरचे लोक बघत होते.

खडूस_आजोबा
मग ठीक.

नवा_सदस्य_०७
धाग्यावर उशिरा आलो, सगळं वाचलं, खूप माहिती मिळाली. माझा प्रश्न जरा वेगळा आहे, माझ्या घरच्या प्रिंटरवर पिवळा रंग येतच नाही, सगळे फोटो निळे-गुलाबी येतात, मी प्रोफाइल बदलू का मॉनिटर कॅलिब्रेट करू?

सुरंगी
@नवा_सदस्य_०७, नोझल चेक (शाईची भोकं तपासायचं पान) काढा आधी. पिवळ्या रेघा तुटलेल्या दिसतील. हेड क्लीनिंग एकदा-दोनदा करा, सारखं करू नका, शाई नुसती वाया जाते.

नवा_सदस्य_०७
केलं. पिवळी टाकीच रिकामी होती.

चहाबाज
मंडळातर्फे विटकरी फ्लेक्स लावून सत्कार.